म्हैसमाळच्या पायथ्याला ९० खोल्यांचं हॉटेल : हरकत घ्यायची तर कशावर?

डोंगरकडा (धागाकर्ता)
गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. संभाजीनगर जिल्हा, खुलताबाद तालुका, म्हैसमाळच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव. मागच्या वर्षी रस्त्याकडची अकरा एकर जमीन विकली गेली. तेव्हा फार्महाऊस होणार म्हणून सांगितलं होतं. आता तारेचं कंपाउंड झालंय, बोअरच्या गाड्या येऊन गेल्यात आणि ग्रामसभेत 'आयत्या वेळचे विषय' म्हणून ना हरकतीचा ठराव झाल्याचं मागाहून कळलं. ती सभा आधी कोरमअभावी तहकूब झालेली होती. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे ज्यांना माहीत होतं, तेवढेच दुसऱ्या वेळी हजर होते.

नकाशा पाहिलेले लोक सांगतात : ९० खोल्या, शंभर खुर्च्यांचं रेस्टॉरंट, लग्नाचं लॉन, पोहण्याचा तलाव.

पोरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर 'संस्कृती वाचवा, हॉटेल हटवा' सुरू केलंय. सरपंच म्हणतात विकास अडवू नका. मला यातलं एकही पटत नाही. हॉटेल होवो न होवो, पाणी कुठून आणणार ते कागदावर लिहून द्या, एवढंच माझं म्हणणं. जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयात हरकत द्यायची आहे. कुठले मुद्दे टिकतील आणि कुठले हसण्यावारी जातील, ते जाणत्यांनी सांगावं.

रोखठोक_२७
पहिला प्रतिसाद माझा आणि मी तुमच्या विरोधात. गावातली पोरं रोज वाळूजला जातात, ठेकेदाराकडं बारा बारा तास उभी राहतात. येण्याजाण्यात दोन तास. कंपनीची बस निघून गेली की दिवस बुडाला. गावातच नव्वद खोल्यांचं काम उभं राहू राहिलं तर तुम्ही हरकती शोधू राहिले. ज्यांना पगार आहे, पेन्शन आहे, त्यांनाच डोंगर आवडतो.

डोंगरकडा
भाऊ, मला पेन्शन नाही. दोन एकर अद्रक आहे आणि एक विहीर आहे. ती विहीर त्या कंपाउंडपासून हाकेच्या अंतरावर आहे.

सह्याद्री_प्रेमी (पुणे)
फारच दुःखद. म्हैसमाळच्या पठारावरची दुर्मीळ रानफुलं, पक्षी, शांतता, सगळं उद्ध्वस्त होणार. निसर्गाला त्याच्या जागी राहू द्या. मी लहानपणी आलो होतो तेव्हा तिथं काहीही नव्हतं, किती सुंदर होतं!

रोखठोक_२७
काहीही नव्हतं म्हणजे दवाखाना पण नव्हता साहेब. तुम्ही आलात, फोटो काढले, गेलात.

अद्रकवाला
😂 बरोबर बोलला. पण रोखठोक, तुझी विहीर उन्हाळ्यात कितीक दिवस चालते ते पण सांग की सगळ्यांना.

निवृत्त_उपअभियंता
पाण्याचा हिशेब कुणी मांडलेला दिसत नाही, म्हणून मांडतो.

भारतीय मानक ११७२ प्रमाणे हॉटेलला एका खाटेमागे दिवसाला १८० लिटर धरतात. ९० खोल्या, खोलीत दोन खाटा : ३२,४०० लिटर. रेस्टॉरंटला खुर्चीमागे ७० लिटर, म्हणजे आणखी ७,०००. चाळीस हजाराच्या जवळ गेलो आणि यात लग्नाचं लॉन धरलेलंच नाही. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर देण्याचं ठरलंय. त्या मापानं हे सातशेपेक्षा जास्त माणसांचं पाणी झालं. टंचाईत टँकर लागला की माणशी २० लिटर धरतात. त्या मापानं जवळपास दोन हजार माणसं.

तलाव वेगळा. २० बाय १० मीटर आणि सरासरी दीड मीटर खोल असा साधा धरला तरी ३ लाख लिटर. दहा हजारी टँकरच्या तीस खेपा. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरा, रोज २,००० लिटर नुसतं हवेत जाणार.

आता दुसरी बाजू, कारण ती समोरचा वकील मांडणारच. हॉटेल रोज भरलेलं नसतं. सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि संडासच्या टाक्यांना फिरवलं तर ताज्या पाण्याची गरज बरीच कमी होते. हे खरं आहे. पण लग्नसराई आणि उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते, आणि आपल्या विहिरी तळाला जातात त्याही एप्रिल-मेमध्येच. वर्षाची सरासरी काढून दाखवतील, फसू नका. मे महिन्याचा हिशेब वेगळा मागा.

बोअरबद्दल. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा. वर माती, मुरूम, मग फुटका कच्चा खडक. पाणी काय ते यात आणि खालच्या फटींत. त्याखाली सलग पाषाण, तिथं पाणी मुरत नाही आणि साठतही नाही. पाचशे फुटांवर जे लागतं ते बहुतेक वेळा आजूबाजूच्या विहिरींना पोसणाऱ्या त्याच फटींतून ओढलेलं असतं. म्हणजे नवीन पाणी सापडलं असं नाही, शेजाऱ्याच्या ताटातलं आपल्या ताटात आलं.

अद्रकवाला
साहेब, हे छापून पारावर लावायला पाहिजे. आमच्याकडं दरसाल नवा बोअर घेणारा एक जण आहे, त्याला आधी वाचायला देतो.

रोखठोक_२७
हिशेब मान्य. पण अद्रकला किती पाणी लागतं तेही मांडा ना साहेब. ठिबक लावलं तरी ते पीक एक वर्ष रानात राहतं. हॉटेलचं पाणी दिसतं, आपलं दिसत नाही.

निवृत्त_उपअभियंता
प्रश्न योग्य आहे. एक हेक्टर पिकाला एका पावसाएवढं, म्हणजे ५० मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी ५ लाख लिटर होतात. शेतीचं पाणी हॉटेलपेक्षा कितीतरी मोठं आहे, यात वाद नाही. फरक दोन. टंचाईत शेतकरी पीक सोडून देतो, हॉटेल पाहुण्याला आंघोळ करू नका म्हणून सांगू शकत नाही. आणि पैसेवाल्याचा बोअर नेहमी शेजाऱ्याच्या बोअरपेक्षा शंभर फूट खाली जातो.

लातूरकर
आमचं ऐका. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलंय आमच्या गावाला. लोकं अजून चेष्टा करायलेत. त्याच एप्रिलात औरंगाबाद खंडपीठानं मराठवाड्यातल्या दारू-बिअरच्या कारखान्यांचं पाणी आधी ५० टक्के आणि मे महिन्यात ६० टक्के कापायला सांगितलं होतं, बाकीच्या उद्योगांचं २५ टक्के. पिण्याचं पाणी पहिलं, हे कोर्टानं मानलंय. हॉटेलवाले २०२० पासून आम्हाला उद्योगाचा दर्जा आहे म्हणून मिरवतात ना? मग टंचाईत उद्योगाची कपात पण घ्या म्हणावं. हरकतीत हे नक्की घाला.

खुलताबादी
युनेस्कोला ईमेल टाका. वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा आहे. एका दिवसात काम थांबतं का नाही पहा.

कागदपत्र
थांबणार नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर पूर्ण मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित, ही २०१० ची दुरुस्ती. ही जमीन लेण्यांपासून काही किलोमीटर लांब आहे. हा मुद्दा घातला की समोरचा पहिला हाच खोडेल आणि बाकीचा अर्ज त्याच नजरेनं वाचला जाईल.

तसंच 'पर्यावरण जनसुनावणी घ्या' हेही गावात ऐकलं. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकाम प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढं. नव्वद खोल्यांचं हॉटेल त्याच्या आत बसवतात, आणि या प्रकारच्या बांधकामाला जनसुनावणी मुळात नाहीच. नसलेल्या सुनावणीची वाट पाहत बसू नका.

आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात विकास परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १८ खाली. त्यामुळं ठराव झाला म्हणून सगळं संपलं असंही नाही. ठरावाची प्रत, हजेरीची पानं, सूचनेची तारीख आणि विषयपत्रिका माहिती अधिकारात मागा. चारही एकाच अर्जात.

गाईड_वेरूळ
माझं थोडं वेगळं मत. मी लेण्यांवर काम करतो. पर्यटक सकाळी संभाजीनगरहून गाडीत बसून येतो, कैलास बघतो, घृष्णेश्वराचं दर्शन घेतो, दुपारी परत. चहाचे आणि माकडांच्या शेंगदाण्यांचे पैसे सोडले तर तालुक्यात रुपया पडत नाही. मुक्काम सगळा शहरात. कुणी इथं राहिला तर दुसऱ्या दिवशी भद्रा मारुती, मलिक अंबरची कबर, शूलिभंजन, म्हैसमाळ बघेल. मंगळवारी लेणी बंद असतात, तेव्हा तर लोकांना काय करावं तेच कळत नाही. मुक्कामाची सोय वाढायला हवी हे मी म्हणणार. फक्त लग्नाचं लॉन कशाला? लेणी बघायला आलेला माणूस डीजे ऐकायला येत नाही.

नंदादीप
लॉनबद्दल बायकांचं ऐका जरा. जिथं गेट होऊ राहिलं, तिथूनच आम्ही शेतात जातो. पाणंदच ती. पोरी शाळेच्या बसला पण तिथूनच निघतात. लग्न म्हटलं की रात्री बारा-एकपर्यंत गाड्या, पिलेले लोक, बाटल्या. दुसऱ्या तालुक्यात माझ्या बहिणीच्या गावाजवळ असंच एक झालंय. तिथं बायका अंधार पडायच्या आत घरी येतात, आधी येत नव्हत्या. हे कुठल्या कायद्यात बसतं मला माहीत नाही, पण ग्रामसभेत एकानं तरी आम्हाला विचारायचं होतं. आम्हाला सभा झाल्याचंच माहीत नाही.

नोकरीचं म्हणाल तर झाडलोट, भांडी, चादरी हे आमच्याच वाट्याला येणार. येऊ द्या, कामाची लाज नाही. पण महिन्याला किती, वर्षभर का फक्त सीझनला, हे सरपंचांनी विचारलं का?

रोखठोक_२७
ताई, हे नाही विचारलं. खरंय.

कागदपत्र
नंदादीप ताई, तुमचे दोन्ही मुद्दे कायद्यात बसतात.

पाणंद : भूमी अभिलेखातून गावनकाशाची प्रत काढा. दोन तुटक रेषा असतील तर गाडीरस्ता, एक असेल तर पायवाट. नकाशावर रस्ता असेल तर तो कुणाच्या खरेदीखतानं नाहीसा होत नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. दावा तहसीलदारांकडं, अडवल्यापासून सहा महिन्यांत. तारेचं कंपाउंड कधी झालं ती तारीख आत्ता लिहून ठेवा, लोक नेमकं हेच विसरतात. तारखेचे फोटो असतील तर उत्तम.

आवाज : २००० चे ध्वनी प्रदूषण नियम. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. घरवस्तीत मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. लॉनची परवानगी देताना ही अट लेखी घालून घेता येते. नंतर पोलिसांना फोन करत बसण्यापेक्षा हे बरं.

निवृत्त_उपअभियंता
सांडपाण्यावर कुणी बोललं नाही. ती जमीन उताराची आहे आणि खालून नाला जातो. येळगंगा नदी याच डोंगरांतून निघते आणि वेरूळला २९ नंबरच्या लेण्याजवळ धबधब्यानं खाली उतरते. आपला नाला तिला मिळतो की दुसरीकडं गिरिजा नदीच्या खोऱ्यात जातो, ते पाणलोटाच्या नकाशावर तपासा. कुठंही गेला तरी खाली कुणीतरी ते पितं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची दोन संमतीपत्रं लागतात, एक बांधण्याआधी आणि एक सुरू करण्याआधी. पहिलं घेतलं आहे का, एवढंच विचारा. बऱ्याचदा इथंच गाडी अडते.

भूजलाचंही लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर नको, ही १९९३ च्या कायद्यापासूनची अट. २००९ च्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधनं आली. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. गाड्यांनी किती फूट घेतलं ते ड्रिलिंगवाल्याच्या पोरांना विचारा, ते सांगतात.

अद्रकवाला
विचारलं. एक साडेपाचशे, एक सहाशेला थोडा कमी. आणि पंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथून पावलांनी मोजून आलो, पाचशे मीटर काही होत नाही. सरकारी मोजणी करून घ्यायला लागेल.

पांढरीचा_माती
इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. ती जमीन आमच्या घरची. विकणाऱ्यांत माझे वडील आणि दोन चुलते. गावात आमच्याकडं बघायची नजर बदलली आहे, म्हणून बोलायचं.

अद्रकचा भाव वर होता त्या साली आम्ही कर्ज काढून बेणं घेतलं. निघालं तेव्हा भाव बसलेला. एका चुलत्याचं मणक्याचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न. त्या अकरा एकरांतली सात एकर मुरमाड, तिथं बाजरीशिवाय कधी काही पिकलं नाही. एकरी जो भाव आला तो या गावात कुणी ऐकला नव्हता. आधी भावकीत विचारलं होतं, कुणी घेईना. आता जे 'बाहेरच्याला विकली' म्हणतात त्यांनी तेव्हा निम्मा भाव सांगितला होता. घेणारा काय बांधणार हे आम्हालाही सांगितलं नव्हतं.

अद्रकवाला
भाऊ, तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. म्हणजे काहींच्या असेल, पण त्यांनीही विकलीच असती.

डोंगरकडा
सगळ्यांचे मुद्दे धरून अर्जाचा मसुदा टाकतो. काटछाट करा.

'आम्ही खालील सह्या करणारे ग्रामस्थ व शेतकरी, गावातील प्रस्तावित हॉटेलबाबत हरकत नोंदवीत आहोत. (१) प्रकल्पाला लागणारे पाणी कोणत्या स्रोतातून घेणार याचा महिनावार हिशेब, एप्रिल ते जून स्वतंत्र, जाहीर करावा. अस्तित्वातील दोन बोअरची खोली व पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासूनचे अंतर भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडून मोजून घ्यावे. तोवर परवानगी देऊ नये. (२) टंचाई जाहीर झाल्यास पोहण्याचा तलाव व लॉन बंद ठेवण्याची अट असावी. (३) गावनकाशावरील रस्ता खुला करावा. (४) सांडपाणी नाल्यात सोडणार नाही याची हमी व मंडळाचे संमतीपत्र दाखवावे. (५) जमिनीचा मूळ प्रकार, १९५४ च्या खासरा पत्रकासह (जुन्या जमीन-नोंदीसह), तपासावा. (६) ना हरकत ठरावाची सभा नियमाप्रमाणे झाली का याची चौकशी व्हावी.'

कागदपत्र
पाचवा मुद्दा सगळ्यात भारी आहे, तो वर घ्या. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी किती घोटाळ्यात आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेली जमीन), मदतमाश (उपजीविकेसाठी दिलेली), देवस्थान इनाम, कूळ हक्काच्या नोंदी. खासऱ्यात एखादी नोंद निघाली आणि हस्तांतराची परवानगी नसली की फाइल वर्षानुवर्षं हलत नाही. पाण्याचा मुद्दा अटी घालून मिटवता येतो, हा मिटवता येत नाही.

पांढरीचा_माती
आमची जमीन इनामी नाही. सातबारा वर्ग एकचा आहे, म्हणजे विकायला परवानगी लागत नाही, आजोबांच्या बापाच्या नावानं खासऱ्यात नोंद आहे, मी पाहिली आहे. पण चौकशी लागली की नोटीस हॉटेलवाल्याआधी आमच्या घरी येणार. व्यवहारातले थोडे पैसे अजून यायचे आहेत, ते अडकणार. वडिलांचं वय बघा. पाण्यासाठी भांडा, मी येतो. आमच्या सातबाऱ्यावर चढून भांडू नका.

कागदपत्र
वैयक्तिक घेऊ नका. हरकत अर्जात हा नेहमीचा मुद्दा असतो. नोंद स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही.

नंदादीप
नोंद स्वच्छ असूनही लोकांचे तहसीलला हेलपाटे होतात, हे तुम्हालाही माहीत आहे. आपल्याच गावच्या घराला त्रास देऊन हॉटेल अडवायचं असेल तर मी सही करणार नाही.

लातूरकर
बाईंचं बरोबर आहे. पाण्याचा मुद्दा पुरेसा जड आहे.

कागदपत्र
मग हॉटेल होणार, अटी घालून होणार, आणि अटी पाळल्या जातात का ते बघायला कुणी येणार नाही. हे लिहून ठेवा.

डोंगरकडा
शक्य आहे. पण मी सुरुवातीलाच म्हटलं, मला हॉटेल पाडायचं नाही, पाण्याचं उत्तर पाहिजे. पाचवा मुद्दा काढला. त्या जागी नंदादीप ताईंचं घालतो : स्थानिकांना किती जणांना, किती महिने, किती पगारावर काम देणार ते लेखी द्यावं, आणि रात्री १० नंतर लॉनवर वाजंत्री नको. अटींवर लक्ष ठेवायला पंचायत, शेतकरी आणि बायका अशी समिती मागू.

रोखठोक_२७
कामाचा मुद्दा आला म्हणून माझी सही धरा. पण वरचं 'तोवर परवानगी देऊ नये' आहे त्याला मुदत टाका, तीन महिन्यांत मोजणी करा म्हणून. नाहीतर कागद फिरत राहतील आणि पोरं वाळूजलाच जातील.

निवृत्त_उपअभियंता
मुदत टाका, चांगली सूचना. मोजणी मात्र मे महिन्यात मागा. पावसाळ्यानंतरच्या पातळीवर कुठलाही बोअर निर्दोष दिसतो.

डोंगरकडा
टाकली. शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर सह्या. नाव, गट नंबर, सही. फोन नंबर नको, कुणालाही रात्री फोन यायला नकोत. तीन प्रती, आणि दोन्ही कार्यालयांत आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

पांढरीचा_माती
वडिलांना घेऊन येतो. ते आधी अर्ज वाचून दाखवा म्हणतील, तेव्हा मोठ्या अक्षरात छापून आणा.